पातं वळेपर्यंत

आमच्या गच्चीच्या कठड्यावर कुणीतरी लाल रंगाची फुली मारून गेलंय, हे मला शेजारणीने सांगितलं. मी तेव्हा आत सासऱ्यांना पेज भरवत होते. बाहेर येऊन वर पाहिलं तर खरंच, हातभर मोठी फुली. रंग अजून ओला होता आणि त्याचा एक ओघळ दुकानाच्या पत्र्यापर्यंत उतरला होता. विचारायला कुणी थांबलेलं नव्हतं.

दुधनी ओलांडून कर्नाटकाकडे जाणारा रस्ता आमच्या गावात येतो आणि मारुतीच्या पारापाशी एकदम उजवीकडे वळतो. वळणाच्या अलीकडे डाव्या हाताला, रस्त्याला अगदी चिकटून आमचं घर. पुढे किराणा दुकान, मागे दोन खोल्या, वर गच्ची. सासऱ्यांनी ती जागा मुद्दाम घेतलेली. वळणावर गाडी हळू होते, हळू झालेली गाडी कधीतरी थांबते, आणि थांबलेला माणूस काहीतरी घेतोच, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. त्या वळणावरच आमचं घर चाललं.

मी माळशिरसकडची. माझ्या माहेरी ऊस वावरात दिसायचा, इथे तो रस्त्यावर दिसतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिले कितीतरी महिने मला झोप लागायची नाही. दिवाळी झाली की एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडे ऊस निघायचा आणि त्यातले निम्मे चालक मोठ्याने गाणी लावून यायचे. संक्रांतीच्या सुमारास तुरीची पोती घेऊन टेम्पो दुधनीच्या बाजाराला जायचे. उन्हाळ्यात खडीचे टिपर. मग हळूहळू सवय झाली. आवाजावरून गाडी ओळखू यायला लागली, आणि गाडीवरून गिऱ्हाईक.

फुली पडली त्या वर्षी मात्र दुसऱ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि तिकडची सगळी अवजड वाहतूक आमच्या गावातून वळवली. सिमेंट, लोखंड, कुठल्या तरी कारखान्याच्या भल्यामोठ्या टाक्या. नेमकं त्याच हिवाळ्यात सासरे न्हाणीत घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय कमजोर आहे, ऑपरेशनचा धोका नको. घरीच पायाला वजन लावून झोपवून ठेवा. पाय हलता कामा नये. म्हणून पुढच्या खोलीत खाट टाकली, खाटेच्या पायथ्याला एक चाक बसवलं, आणि त्यावरून दोरी घेऊन विटांची पिशवी लोंबत ठेवली. बाहेरून मोठी गाडी गेली की जमीन हादरायची, पिशवी झुलायची, आणि सासरे डोळे मिटून घ्यायचे. कण्हायचे नाहीत. फक्त डोळे मिटायचे.

फुली मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी आला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, पायात बूट, बोलणं शहरी. पवनचक्कीचं सामान वाहून नेणाऱ्या कंत्राटदाराचा सुपरवायझर होता तो.

"ताई, पवनचक्कीची पाती जायची आहेत इथून. सीमेपलीकडे टॉवर उभे राहतायत. ट्रेलर उजवीकडे वळला की पात्याचं टोक डावीकडे फेकलं जातं. ते तुमच्या गच्चीवरून जाईल."

"घरावरून?"

"वरून. लागणार नाही. फक्त कठडा काढावा लागेल, पाण्याची टाकी उतरवावी लागेल, आणि दुकानाचा हा पत्रा. सगळं परत बांधून देऊ. ग्रामपंचायतीशी बोलणं झालंय."

"आन् माणसं?"

"माणसं अर्थात बाहेर. घर रिकामं लागतं आम्हाला."

मी त्याला आत नेलं आणि खाट दाखवली. तो दारातच थांबला. विटांच्या पिशवीकडे बघत म्हणाला, "बघू काहीतरी." आणि निघून गेला.

माझा नवरा होटगीला रेल्वेत लायनीवर काम करतो. सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळच्या गाडीने येतो. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कठडा काढू दे, पण अप्पांना हलवायचं नाही हे त्या माणसाला नीट सांग. मी सांगितलं. फोनवर त्यानेही सांगितलं. सुपरवायझर प्रत्येक वेळी "हो हो" म्हणाला. मला वाटलं, ठरलं.

पाती आली त्या दिवशी सकाळीच लाईट घालवली, कारण तारा बाजूला घ्यायच्या होत्या. गावाच्या दोन्ही बाजूंना रस्ता अडवला. कठडा आदल्या दिवशीच फोडला होता. टाकी खाली अंगणात आणून ठेवली होती. पत्रा काढल्यामुळे दुकानात थेट ऊन येत होतं आणि सगळं उघडं पडल्यासारखं वाटत होतं. नवरा कामावर गेला होता. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही.

मग ते आलं. आधी दिव्याची जीप, मागून ट्रेलरचं तोंड, आणि त्याच्या मागे ते पातं. टोक येईना. पुढचा भाग पारापाशी पोचला तरी शेपूट शाळेपलीकडे होतं. पांढरं, गुळगुळीत, कुठेही सांधा नाही. सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. मागच्या चाकांबरोबर एक माणूस चालत होता. त्याच्या हातात बटणांची पेटी होती आणि तिच्यावरून तो मागची चाकं वळवत होता. शिट्ट्या वाजत होत्या. त्याच्याही मागे आणखी दोन ट्रेलर आहेत, असं कुणीतरी ओरडून सांगितलं. एका पवनचक्कीला तीन पाती लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ट्रेलर वळणाच्या तोंडाशी थांबला आणि सुपरवायझर धावत माझ्याकडे आला.

"ताई, आजोबा अजून आत आहेत?"

"तुमाला सांगितलंय की. त्यांना हलवता येत न्हाय."

"आत माणूस असताना मी गाडी पुढे घेऊ शकत नाही. काढा त्यांना बाहेर. पाच मिनिटांचं काम आहे."

"हाड सरकलं तर?"

त्याने वळून गर्दीतल्या चार जणांना हाक मारली. ती आमच्याच गल्लीतली माणसं, वाईट कुणीच नव्हती. खाट उचलून अलगद बाहेर ठेवू, म्हणाले. मलाही क्षणभर वाटलं, जमेल. चौघांनी चार पाय धरले, मी विटांची पिशवी हातात धरली. खाट जमिनीपासून वीतभर उचलली असेल नसेल, एका बाजूला कलली, आणि सासरे ओरडले.

त्यांचं तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. पडले तेव्हाही ते असे ओरडले नव्हते.

"ठेवा खाली," मी म्हणाले. "ठेवा. कुणी हात लावायचा न्हाय आता."

माणसं बाहेर गेली. मी दारात उभी राहिले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, दोन्ही बाजूंना. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजन घटतं. चालकांचा जीव त्यात अडकलेला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की एक बाई अडून बसलीय. एक जण ट्रॅक्टरवर उभा राहून ओरडला, "ओ बाई, म्हाताऱ्याला उचला की! किती जणांचा खोळंबा करता?" दुसरा म्हणाला, "पैशे पायजे असतील." लोक हसले. दुकानदारीत माणसं रोज तोंडावर काहीबाही बोलतात, तशी मी लाजरी नव्हे. पण सगळा रस्ता आपल्यामुळे थांबलाय आणि प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय, हे सोसायला फार जड जातं. एकदा मनात आलं, उचलू द्यावं. ओरडतील, पण होईल एकदाचं. मग आतून सासऱ्यांचा श्वास ऐकू आला, अडकत अडकत येणारा, आणि मी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून तशीच उभी राहिले.

नवऱ्याला फोन लावला. लागला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज होता.

"मी निघतो," तो म्हणाला. "मिळंल त्या गाडीनं येतो. तोवर काय करू नको."

"काय करू नको म्हंजे? गाडी उभी हाय दारात."

फोन कटला.

सुपरवायझर जीपजवळ उभा राहून कुणाकुणाला फोन करत होता. ऊन चढत होतं. ट्रेलरचा चालक तोवर आपल्या केबिनमध्येच बसून होता. तो उतरला आणि सरळ आमच्या दाराशी आला. पन्नाशीचा, डोक्याला गमछा, राजस्थानकडचा असावा. त्याने चपला बाहेर काढल्या.

"बहन, एक बार देख लूँ?"

मी बाजूला झाले. आत येऊन त्याने सासऱ्यांना हात जोडले. पाय बघितला, दोरी बघितली, मग छताकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. पाणी मागितलं. मी तांब्या दिला.

"मेरे पिताजी भी ऐसे ही लेटे थे," तो म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "मुझे भी डर लगता है. झूठ नहीं बोलूँगा. पीछे नोक कहाँ जा रही है, मुझे दिखती नहीं. जो बोलते हैं, उसी पर चलता हूँ."

"मग?" मी विचारलं. माझं हिंदी तोडकंमोडकं. "नहीं जाओगे?"

"वापस भी नहीं जा सकता." त्याने बाहेर बघितलं. "पीछे दो और हैं."

तेवढ्यात सुपरवायझर आत आला. चालकाने त्याला सांगितलं, म्हाताऱ्याला असंच राहू द्या, मी अगदी सावकाश घेतो, पण आत एक माणूस पाहिजे. वरून काही पडलं, भिंत तडकली, तर लगेच ओरडून सांगणारा. सुपरवायझरचा चेहरा उतरला होता. तरुण पोरगाच होता तो, तिशीच्या आतला. म्हणाला, "काही झालं तर माझी जबाबदारी नाही."

"माझी," मी म्हणाले. "मी बसते आत."

हे म्हणताना मला धीर वगैरे आला होता असं मुळीच नाही. मला फक्त ते सगळं संपायला हवं होतं.

मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले आणि विटांची पिशवी दोन्ही हातांनी धरली, झुलू नये म्हणून. सासऱ्यांनी मान उचलून माझ्याकडे बघितलं. सुनेला ते अव्वा म्हणतात, आईला म्हणावं तसं.

"अव्वा, नी होरग होग," ते म्हणाले. तू बाहेर जा.

"न्हाय मामा."

"होग. तुझी पोरगी शाळंत हाय. मी म्हातारा झालो."

"गप पडा. बोलू नका."

"ऐकत न्हाय तू," ते म्हणाले, आणि कानडीत आणखी काहीतरी पुटपुटले, ते मला समजलं नाही.

बाहेर शिट्टी वाजली. इंजिनाचा आवाज वाढला आणि जमीन थरथरायला लागली. माझ्या हातातली पिशवी थरथरत होती. रस्त्याकडच्या खिडकीतून आधी ट्रेलरचा लोखंडी सांगाडा सरकताना दिसला, चाकामागून चाक. मग ऊन गेलं. खोलीत अंधारल्यासारखं झालं. पातं वळायला लागलं होतं आणि त्याचं शेपूट आमच्यावर येत होतं. शिट्टी, दोन शिट्ट्या, "आणू द्या, आणू द्या, हळू." गच्चीवर कुणीतरी धावलं.

मग आवाज आला. आधी बारीक, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मग कडकड करत काहीतरी वाकलं आणि छताच्या कोपऱ्यातून गिलाव्याचा तुकडा सासऱ्यांच्या पांघरुणावर पडला.

"थांबा!" मी ओरडले. "ओ, थांबा! थांबा!"

इंजिन थांबलं. बाहेर एकदम शांत झालं.

गच्चीवरच्या माणसाने खाली वाकून सांगितलं तेव्हा कळलं. वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया सासऱ्यांनी तशाच वर सोडून ठेवल्या होत्या, सगळे सोडतात तशा. बाकीच्या कंत्राटदाराच्या माणसांनी वाकवल्या होत्या. टाकीच्या चौथऱ्यामागे एका खांबाच्या राहून गेल्या, आणि पात्याचं टोक त्यांत जाऊन बसलं. पुढे घ्यावं तर पातं फाटेल, मागे घ्यावं तर खांबाला हिसका बसेल. आणि त्या खांबाखाली आमची खाट.

"कापाव्या लागतील," वरून आवाज आला.

"मशिन लावा."

"लाईट कुठाय?"

लाईट त्यांनीच घालवली होती. शेवटी हातकरवत आणली. ती सळईवर फिरायला लागली तशी खोलीभर कर्रकर्र घुमायला लागली. छत, भिंती, खाट, सगळ्यांतून तो आवाज येत होता. दात शिवशिवत होते. गिलाव्याची धूळ झरत होती. मी पदराने सासऱ्यांचं तोंड झाकायला गेले. पायथ्यापासून तो पुरेना म्हणून उठून त्यांच्या उशाशी गेले, मग पिशवी झुलायला लागली म्हणून परत पायथ्याशी. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या. शेवटी पदराऐवजी टॉवेल टाकला.

"अव्वा," ते टॉवेलखालून म्हणाले.

"काय?"

"लघवीला झालंय."

मला हसावं का रडावं कळेना. वर करवत चालली होती, दारात शंभर माणसं उभी होती. मी उठून दार लोटलं, खाटेखालचं भांडं काढलं. हे काम रोज नवरा करायचा, सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात शेजारचा एक जण येऊन जायचा. माझ्याकडून करून घ्यायला ते तयार नसायचे. त्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मी खिडकीकडे बघत भांडं धरलं. झाल्यावर म्हणाले, "देवा." एवढंच.

एक सळई तुटल्याचा टण्ण आवाज आला. मग दुसरी. तिसरी लवकर तुटेना. बाहेर ट्रॅक्टरवाले पुन्हा कालवा करायला लागले होते, कुणीतरी सतत हॉर्न दाबत होता. शेवटची सळई तुटली तेव्हा अख्खं घर सुटल्यासारखं हललं. मी खाट धरली. पांढरी सावली खिडकीवरून सरकत, सरकत गेली, आणि ऊन परत खोलीत आलं.

"होतु?" सासऱ्यांनी विचारलं. गेलं?

"गेलं. अजून दोन हायत."

त्यांनी डोळे मिटले.

दुसरं आणि तिसरं पातं न अडकता गेलं. पण भीती पहिल्यापेक्षा जास्त वाटली, कारण आता काय होऊ शकतं ते ठाऊक होतं. तिसऱ्याच्या वेळी मी पिशवी इतकी घट्ट धरली होती की दोरीचे वळ तळव्यावर उठले. पहिल्या ट्रेलरचा चालक गावाबाहेर गाडी लावून चालत परत आला होता, आणि ते शेवटचं टोक सुटेपर्यंत आमच्या दारात उभा होता. मी त्याला चहा घ्यायला सांगितलं. तो नको म्हणाला, सासऱ्यांना पुन्हा हात जोडून गेला.

नवरा उन्हं कलल्यावर पोचला. दुधनी स्टेशनात उतरला, रस्ता बंद म्हणून रिक्षा नाही, शेताशेतातून चालत आला होता. पायांना काळी माती लागलेली. रस्ता नुकताच सुटला होता आणि दिवसभर थांबलेले ट्रॅक्टर एकामागून एक दारावरून चालले होते. त्याने आधी वडिलांचा पाय पाहिला, मग छताला पडलेली भेग पाहिली. मग माझ्याकडे वळला.

"तुला कुणी सांगितलं होतं आत बसायला?"

"मग कोण बसणार होतं?"

"मी येईस्तोवर थांबवायचं त्यांना."

"थांबवलंच होतं की. किती थांबवायचं?"

तो आणखी काहीतरी बोलणार होता. पण तसाच न्हाणीकडे गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा म्हणाला, सळया बुडापासून कापल्यात. त्या खांबावर आता वर काही चढवता येणार नाही. आमच्या मुलीसाठी वर खोली बांधायचं बोलणं घरात होतं. सासऱ्यांनी ऐकलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खाली जागा हाय." कठडा कंत्राटदाराने बांधून दिला, विटा जरा कच्च्या वापरल्या. टाकीच्या चौथऱ्याचा त्यांना विसर पडला, तो आम्हीच केला. छताची भेग पहिल्या पावसात पाझरली, तेव्हा सिमेंट भरून घेतलं. पूल सुरू झाल्यावर अवजड गाड्या परत आपल्या रस्त्याने जायला लागल्या.

हाड जुळलं. पाय थोडा आखूड झाला, डॉक्टर म्हणाले या वयात याहून बरं होत नाही. वजन काढल्यावर काही आठवडे ते काठी आणि माझा खांदा धरून खोलीतल्या खोलीत चालले. मग एका सकाळी, मी दुकानात गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होते, तेव्हा मागे काठीचा आवाज आला. ते एकटेच दुकानापर्यंत आले होते. दाराला धरून उभे राहिले, धाप लागली होती. मी तराजू तसाच ठेवून वळले. त्यांनी सगळ्या फळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. इतक्या महिन्यांत मी सगळी मांडामांड माझ्या सोयीने बदलली होती.

"तेलाचे डबे हितं कुणी ठिवले?" त्यांनी विचारलं.

"मी."

"लांब पडतात की."

"मला जवळ पडतात, मामा."

त्यांनी जरा विचार केला. गिऱ्हाईक आमच्या दोघांकडे बघत उभं होतं. मग ते गल्ल्याजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते सरकव हिकडं, बसतो." मी स्टूल सरकवलं, त्यांना दंडाला धरून बसवलं, आणि साखर पुन्हा तोलायला घेतली.